मारवेल बियांपासून: उगवतं चांगलं, पण तिसऱ्या आठवड्यात रोपं आडवी पडतात

माळावरचा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं एकाच गवतामागे लागलो आहे आणि आता अडलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या पडीक तुकड्याच्या बांधावर मारवेलची सात जुनी ठोंबं उरली आहेत. बाकी सगळीकडे एकसाली गवतं आणि गाजरगवत. मारवेलच आहे ना, हे तपासून घेतलं आहे. प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांचं कडं आहे, तुरा बोटं फाकल्यासारखा, जांभळट. या सात ठोंबांच्या बियांतून हळूहळू अख्खा तुकडा भरायचा, एवढीच इच्छा आहे.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरअखेर तुरे ओरबाडून पिशवीभर बी गोळा केलं. थोडं लगेच वाफ्यात टाकलं. रोज पाणी दिलं, महिनाभर वाट पाहिली, एक कोंब दिसला नाही. मग एका परदेशी व्हिडिओत पाहिलं तसं मूठभर बी ओल्या वाळूत मिसळून सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवलं. तेही वाया गेलं.

उरलेलं बी कापडी पिशवीत खुंटीला तसंच लटकत होतं. आशा सोडली होती, पण टाकवेना, म्हणून यंदा जूनमध्ये दोन वाफ्यांत पसरलं. आणि सहाव्या दिवशी उगवलं! रोज सकाळी उकिडवं बसून मोजायचो. २१२ रोपं झाली. दोन पानांवर आली, तीन पानांवर आली, आणि पावसाने उघडीप दिली. मी दर तीन दिवसांनी वाफे भरून पाणी देत होतो. तरी उघडिपीच्या आठव्या दिवसापर्यंत रोपं कलायला लागली आणि मग भराभर आडवी पडली.

मला कळत नाही ते हे: उकरून पाहिलं तर दोन बोटं खाली माती चांगली ओलसर होती. एक पडलेलं रोप चिमटीत धरून अलगद उपसलं. पानांच्या बुडाखाली पांढरा, शिवणाच्या दोऱ्याएवढा बारीक भाग, त्याच्या टोकाला बियाचं रिकामं टरफल, आणि तिथून खाली गेलेलं एकच मूळ. मूळ जिवंत होतं, पांढरं होतं. मग वर रोप का मेलं? जी अजून उभी होती, ती वाऱ्याने त्या दोऱ्यावर भिंगरीसारखी फिरत होती. २१२ मधली ९ वाचली.

रोग म्हणावा का? की बी उथळ पडलं? पुढच्या वर्षी खोल पेरू का?

बांधकरी

दादा, बियांच्या नादी का लागता? मारवेल ठोंबांवरच लावायचं गवत आहे. पाऊस लागला की जुनं ठोंब खणायचं, मुळांसकट दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करायचे, वरची पानं वीतभर ठेवून छाटायची आणि चिखलात दाबून लावायचं. आठ-दहा दिवसांत नवा फुटवा दिसतो. मी आजवर बियांपासून एकही मारवेल केलेलं नाही आणि माझं काही अडलेलं नाही.

माळावरचा

बांधकरी, तुमचं पटतं. पण माझ्याकडे ठोंबं सातच आहेत आणि तीही म्हातारी. ती खणली आणि उन्हाने गेली तर माझ्याकडे काहीच उरणार नाही. बी दरवर्षी येतं, ते घेतल्याने आईला धक्का लागत नाही.

कुरणताई

माळावरचा भाऊ, तुमचं ते भिंगरीसारखं फिरणारं रोप वाचलं आणि उत्तर तिथेच सापडलं. हा रोग नाही. बी उथळही पडलेलं नाही. मी अकरा वर्षं देशी गवतांची रोपं करते आहे, आणि पहिली तीन वर्षं माझीही रोपं नेमकी याच वयात मेली. तेव्हा मीही वाफा भरून पाणी द्यायचे आणि खाली ओल आहे म्हणून निर्धास्त राहायचे.

मारवेल दोनदा मूळ धरतं. बी रुजलं की पहिलं मूळ बियातून निघतं आणि सरळ खाली जातं. कोंब वर जातो. बी आणि कोंब यांच्यामध्ये तुम्ही पाहिलात तो पांढरा दोरा वाढतो. तो वाढत वाढत रोपाचं बूड, म्हणजे जिथून पुढे फुटवे निघणार ती गाठ, मातीच्या पृष्ठभागापाशी आणून ठेवतो. उजेड लागला की त्याची वाढ थांबते. बी खोल पेरलंत तरी बूड वरच येणार, दोरा तेवढा लांब होणार. म्हणून खोल पेरून काही साधत नाही. उलट या बियात साठा इतका थोडा असतो की एक सेंटिमीटरच्या खाली गेलेलं बी बऱ्याचदा वर पोचतच नाही.

रोप पहिले दोन-तीन आठवडे त्या एकाच मुळावर आणि त्या एकाच दोऱ्यावर जगतं. एका पानापुरतं पाणी दोऱ्यातून चढतं. तिसरं पान उघडलं की मागणी वाढते, दोरा मात्र तेवढाच राहतो. खाली ओल असली तरी वर पोचत नाही. तुमचं मूळ जिवंत आणि रोप मेलेलं, त्याचं कारण हे.

आता दुसरं मूळ. दोन-तीन पानांवर आलं की त्या बुडातून नवी, जाडसर मुळं फुटतात. पुढे वर्षानुवर्षं ठोंब याच मुळांवर उभं राहतं. बियाचं मूळ नंतर गेलं तरी बिघडत नाही. पण ही नवी मुळं फुटतात पृष्ठभागाला, वरच्या बोटाच्या पेराएवढ्या मातीत. ती माती कोरडी खडखडीत असेल तर मूळ टाचणीच्या टोकाएवढं बाहेर येतं आणि तिथेच वाळतं. भिंगाने पाहाल तर तुमच्या मेलेल्या रोपांच्या बुडाशीही असे तपकिरी झालेले ठिपके दिसतील. तुमचा पाऊस नेमका त्याच दिवसांत उघडला, आणि तीन दिवसांनी एकदा दिलेल्या पाण्याने खालची माती भिजत राहिली, वरची मधले दोन दिवस तापत राहिली.

म्हणून रोपं तीन पानांवर आली की चार-पाच दिवस दुसरं कुठलंही काम हाती घेऊ नका. दिवसातून दोन-तीनदा बारीक झारीने नुसतं वरचं पापुद्र्यापुरतं ओलं ठेवायचं. वाफा भरायचा नाही, शिंपायचं. रोपांच्या ओळींमध्ये वाळलेल्या गवताचे तुकडे इतके विरळ पसरायचे की माती दिसत राहील. आणि मी आणखी एक करते: चाळलेल्या मातीची चिमूट प्रत्येक रोपाच्या बुडाशी सोडते. दोरा उघडा पडलेला असतो, तो झाकला जातो आणि नव्या मुळांना लगेच माती मिळते. दोनशे रोपांना तासभर लागतो. मुळं धरली की कळतं कसं? पानाचं टोक चिमटीत धरून हलकेच वर ओढा. रोप फिरलं किंवा सहज उचललं गेलं तर अजून नाही. पान ताणलं गेलं आणि बूड हललं नाही, तर धरलं.

आता बियांबद्दल. फ्रीजचा उपाय बर्फाच्या देशांतल्या गवतांचा आहे. तिथे बी ओल्या थंडीत हिवाळा काढतं आणि ती थंडी सरल्यावर रुजतं. मारवेलचं बी पावसाळ्याच्या शेवटी पिकतं आणि पुढचे सात-आठ महिने कोरडेपणात, उन्हाळ्याच्या भट्टीत काढतं. त्याची झोप त्या कोरड्या काळातच उतरते. ताजं बी नोव्हेंबरमध्ये रुजलं असतं तर पुढच्या कोरड्या महिन्यांत मेलंच असतं, म्हणून ते रुजत नाही. तुमची खुंटीवरची कापडी पिशवी हीच योग्य जागा होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवलं असतंत तर आतल्या ओलीने बुरशी लागली असती.

आणि गोळा करतानाच एक गोष्ट बघा, त्याने पुढची अर्धी मेहनत वाचते. मारवेलचा तुरा भिंगाखाली धरा. कणिशकं, म्हणजे ज्यांच्या आत दाणा धरतो ती टरफलाची बारीक घरं, जोडीने बसलेली दिसतील: एक दांड्याला चिकटून, एक बारीक देठावर. चिकटलेल्याला दोनेक सेंटिमीटरचं, मध्ये वाकलेलं तपकिरी कुसळ असतं. देठावरच्याला कुसळ नसतं. दाणा धरतो तो फक्त कुसळवाल्यात. देठावरचं कणिशक नर किंवा वांझ असतं, आणि तुऱ्याच्या बुडाकडच्या काही जोड्या तर दोन्ही बाजूंनी वांझ. म्हणजे पिशवीभर जे 'बी' म्हणून आपण आणतो त्यातलं निम्म्याहून जास्त जन्मतःच रिकामं असतं. कुसळवाल्यांतलंही सगळं भरलेलं नसतं. नखाने दाबा. भरलेलं असेल तर आत तांबूस, किंचित पारदर्शक, लहान लांबट दाणा टणक लागतो. पोकळ असेल तर कणिशक नखाखाली नुसतं चपटं होतं.

तुरे ओरबाडू नका. सगळा तुरा एकदम पिकत नाही, वरचं गळायला लागतं तेव्हा खालचं हिरवं असतं. बंद मुठीतून तुरा अलगद ओढायचा. जे सुटून हातात येईल ते पिकलेलं, जे धरून राहील ते राहू द्यायचं. चार दिवसांनी पुन्हा फेरी मारायची. मला या फेऱ्या फार आवडतात. सकाळचं दव उडाल्यावर, ऊन चढायच्या आधी जायचं.

कुसळाचं कामही बघण्यासारखं आहे. तळहातावर एक कणिशक ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडा. कुसळाचा पीळ उलगडायला लागतो आणि कणिशक हळूहळू गोल फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. रात्रीच्या दमटपणात आणि दिवसाच्या उन्हात हे चालू राहतं आणि दाणा स्वतःच भेगेत शिरतो. म्हणून मी कुसळं चोळून काढत नाही. पेरायला सोपं पडावं म्हणून काही जण काढतात. मी वाफ्यावर दाताळ्याने बारीक रेघा मारते, बी पसरते, वरून गोणपाट थापटते, बस्स. माती लोटायची नाही.

बीजपेटी

ताईंच्या उत्तराला जोडून दोन गोष्टी, आणि एक मतभेद.

पेरण्याआधी उगवण तपासून घ्या. मे महिन्यात कुसळवाली १०० कणिशकं मोजून ओल्या टिपकागदावर, झाकणाच्या डब्यात ठेवा. या गवताला ऊब लागते, २५ ते ३५ अंशांत चांगलं रुजतं. पंधरा दिवस रोज पाहा आणि रुजलेली काढून टाकत मोजा. बी पुरतं जागं झालेलं नसेल तर कागद साध्या पाण्याऐवजी ०.२ टक्के पोटॅशियम नायट्रेटच्या पाण्याने भिजवतात, म्हणजे लिटरला २ ग्रॅम. प्रयोगशाळेत अनेक गवतांना हेच करतात. आकडा हातात आला की किती बी पसरायचं ते ठरवता येतं, अंदाजाने मुठी टाकाव्या लागत नाहीत.

दुसरं, मुंग्या. उघड्यावर पसरलेलं गवताचं बी त्या दोन दिवसांत ओढून नेतात आणि आपल्याला वाटतं उगवणच झाली नाही. वाफ्याजवळ वारूळ असेल तर जागा बदला. नाहीतर बी चिकणमाती, बारीक वाळू आणि जुनं चाळलेलं शेणखत यांत ओलसर कालवून वाटाण्याएवढ्या गोळ्या करा आणि सावलीत वाळवा. गोळी पाऊस पडल्यावरच फुटते, वाऱ्याने उडत नाही आणि मुंगीला सहज नेता येत नाही.

आता मतभेद. वाफ्यात चिमूट चिमूट माती घालणं दोनशे रोपांना ठीक आहे, पण तुकडा भरायचा असेल तर गोळ्या थेट जमिनीवर टाकाव्यात असं मला वाटतं. शंभरातली पाच टिकली तरी ती पाच त्या जमिनीची होतात.

कुरणताई

बीजपेटी, तुमच्याकडे पोतंभर बी असेल तर खरं आहे. यांच्याकडे सात ठोंबांचं बी आहे. त्यातलं शंभरातलं पंचाण्णव मुद्दाम मरू द्यायला माझं मन धजत नाही. आधी वाफ्यातून पन्नास-साठ ठोंबं उभी राहू द्या, दोन वर्षांनी त्यांचंच बी इतकं होईल की गोळ्या करून उधळता येईल. मुंग्यांचं मात्र अगदी बरोबर, ते मी लिहायला विसरले.

भाऊ, आणखी एक. मारवेलच्या बऱ्याचशा बियांत गर्भ फलनाशिवाय, आईच्याच पेशीतून तयार होतो. त्यामुळे बियांपासून केलं तरी रोपं बहुतेक आईचीच नक्कल निघतात. तेव्हा एकाच डौलदार ठोंबाचं बी घेऊन थांबू नका. सातही ठोंबांचं वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या आणि रोपं लावताना मिसळून लावा. आसपासच्या माळावर आणखी कुठे जुनं मारवेल दिसलं तर तिथलंही मूठभर मिळवा.

जागेचंही बघा. मारवेलला भारी, ओल धरणारी जमीन मानवते. उघड्या पातळ मुरमावर ते आधी धरणार नाही. तुकड्यातल्या खोलगट जागा, बांधाची वरची बाजू, जिथे गाळ साचतो तिथून सुरुवात करा. वरच्या मुरमावर डोंगरी गवत किंवा कुसळी आपली आपण येईल, त्यांना येऊ द्या. १९७३ साली दाबडघाव आणि शंकरनारायण या गवत-अभ्यासकांनी देशातल्या गवताळ आवरणाचे पाच प्रकार मांडले, त्यातल्या दोन प्रकारांच्या नावात मारवेलच्या वंशाचं (जीनसचं), डायकॅन्थियमचं नाव आहे. एवढ्या मोठ्या मुलखाचं हे गवत. तुमच्या बांधावर त्यातली सात ठोंबं उरली आहेत हे वाचून मला दोन दिवस चैन पडली नाही. कसं होतंय ते नक्की कळवा.

माळावरचा (पुढच्या वर्षीच्या जुलैअखेर)

ताई, बीजपेटी, कळवायला वर्ष लागलं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाच फेऱ्या मारल्या, सात पिशव्या केल्या. मुठीतून ओढायची सवय व्हायला दोन फेऱ्या गेल्या. मे महिन्यात कुसळवाली १०० कणिशकं नखाने दाबून पाहिली, ३८ भरलेली निघाली. टिपकागदावर दुसरी १०० ठेवली, त्यांतली २४ रुजली. पाचव्या ठोंबाच्या बियांत तर जवळजवळ काहीच भरलेलं नव्हतं. ते ठोंब दिसायला सगळ्यांत मोठं आहे, आणि आधीच्या वर्षी मी बहुतेक बी त्याचंच घेतलं होतं!

पाऊस दोन-तीनदा नीट झाल्यावर पेरलं. वाफा वारुळापासून लांब केला. १८७ उगवली. तीन पानांवर आल्यावर ताईंनी सांगितलं तसं सकाळ, दुपार, संध्याकाळ झारी. यंदाही पाऊस सहा दिवस उघडला होता, पण मी वरची माती पांढरी पडू दिली नाही. सतराव्या दिवशी एका रोपाच्या बुडाची माती काडीने बाजूला सारली तर दोन पांढरी मुळं आडवी निघालेली दिसली, पहिल्या मुळापेक्षा दुप्पट जाड. लगेच पुन्हा झाकली. रात्री घरी सगळ्यांना तेच सांगत होतो.

आज १४३ उभी आहेत. पान ओढलं तर बूड हलत नाही. काहींना दुसरा फुटवा आला आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लव्हाळा वाफ्यात घुसला आहे, तो उपटताना रोपं उखडतात. आणि ही रोपं बांधाच्या खोलगट भागात कधी हलवू?

कुरणताई

१४३! वाचून डोळे भरून आले.

लव्हाळा उपटू नका. खालची गाठ निघत नाही आणि शेजारचं रोप मात्र निघतं. कात्रीने जमिनीलगत कापत राहा, दर आठवड्याला. मारवेलचं ठोंब पसरलं की सावलीने लव्हाळा आपोआप मागे हटतो.

हलवायचं तर आत्ताच, पाऊस आहे तोवर. तीन-चार फुटवे झालेली आधी घ्या, मातीच्या गड्ड्यासकट, दोन्ही हातांनी. एक-दीड हात अंतर ठेवा. बूड आधी होतं त्याच पातळीला राहू द्या, गाडू नका. पुढचे चार दिवस पुन्हा झारी. लहान रोपं वाफ्यातच राहू द्या, ती पुढच्या पावसाळ्यात हलवता येतील.

यंदा कापायचं नाही, गुरांना तिकडे सोडायचं नाही. तुरा आलाच तर तो तिथेच गळू द्या. पुढच्या वर्षी बी गळून झाल्यावर कापा, तेही वीतभर बुडखा ठेवून. आणि पाचव्या ठोंबाचे तुरे या ऑक्टोबरात पुन्हा तपासा. एखाद्या वर्षी फुलोऱ्याच्या वेळी ताण पडला की दाणा भरत नाही. एका वर्षावरून त्याला वांझ ठरवू नका.